दिवाळी गूढ शब्दकोडे 'आठ उत्तरे कुलपात': उलगडा, कौतुक, कुरकुर

खडूफळा | रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, आडवाउभा यांनी वसुबारसेला टाकलेल्या ९×९ कोड्याची मुदत काल रात्री संपली. आता इथे उघड बोलायला हरकत नाही. अजून सोडवत असाल तर इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

ज्यांनी कोडं पाहिलंच नाही त्यांच्यासाठी: वर फक्त तीन ओळींची सूचना होती. आठ उत्तरं कुलूप लावून भरायची आहेत. कोणती, ते चौकट सांगेल. करड्या रंगाच्या पाच घरांत कुलूपवाल्याचं नाव मिळेल. बस्स. यापलीकडे एक अक्षर नाही.

मी पाचव्या दिवशी सोडवलं. त्यातले चार दिवस मी कर्त्याला शिव्या देत होतो, हे त्यांना कळावं म्हणून लिहितोय.

घाटावरचा | रविवार, सकाळी ९:२२

रुमाल टाकून ठेवतो. आंघोळ करून येतो आणि मग भांडतो.

पेन्सिलवाली | रविवार, सकाळी ९:५८

सूचनेत "कुलूप" म्हणजे काय ते सांगितलेलं नव्हतं, हीच मजा होती. मी आधी सगळी उत्तरं कुलूपबिलूप विसरून कच्ची काढली. सूचक शब्द सरळ होते, दोन-तीन तर फारच सुंदर. "नदीत तरंगते, दारावर लटकते (२)" म्हणजे नाव. "वारकऱ्याच्या गळ्यात, गावाबाहेर ओसाड (२)" म्हणजे माळ. आणि माझं आवडतं: "वाचा वीस ओळी, आतच आहे कुलूप उघडायची सोय (२)". वा-चा-वी-स, मधली दोन घरं उचला, चावी हातात!

मग भरायला घेतलं आणि भांडणं सुरू. "नाव" पक्कं, पण त्याच्या पहिल्या घरातून खाली वासरू उतरतंय. म्हणजे तिथे वा हवा. "कोडे" पक्कं, पण तिथे छेदणारा शब्द लो मागतोय. मला वाटलं वासरू चुकलं असेल. दोन तास गोठ्यातली सगळी जनावरं लावून पाहिली.

मग एकदम दिसलं. ना विरुद्ध वा. को विरुद्ध लो. अक्षर बदलतंय, काना-मात्रा जागच्या जागी! हे कळल्यावर कढईतला चिवडा करपला तरी मी उठले नाही.

चिकूमिल्कशेक | रविवार, सकाळी १०:०५

चिवड्यासाठी दोन मिनिटं शांतता.

सरळमार्गी | रविवार, सकाळी १०:३१

कौतुक नंतर करा. माझा मूळ आक्षेप आहे. शब्दकोडं शब्दांचं असतं. सूचक वाचा, डोकं खाजवा, शब्द सापडला की भरा. इथे शब्द सापडल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते काम कारकुनी आहे. तक्ता आखा, घरं मोजा, खोडा. माझं अर्धं वर्ष कार्यालयात तेच करण्यात जातं. दिवाळीतही तेच?

दुसरं, "पोळी"चं सूचक: "होळीचं तोंड बदललं की ताटात येते (२)". बदललं तर कशात बदललं? पो कुठून आणायचा? उद्या "टोळी", "मोळी" आणि "गोळी" आली तर? गोळीसुद्धा काही लोकांच्या ताटाशेजारी असते.

खडूफळा | रविवार, सकाळी १०:४०

गोळीवर हसलो, पण मुद्दा बरोबर आहे. ते सूचक ढिलं आहे.

आडवाउभा | रविवार, सकाळी ११:१५

नमस्कार. पोळीबद्दल कान पकडतो. मूळ मसुद्यात "अर्धं पोट, होळीचं शेपूट" असं होतं. म्हणजे पो आणि ळी रीतसर मिळत होते. बायको म्हणाली, सणासुदीला अर्धं पोट कुठे लिहिता. बदललं आणि फसलो.

कारकुनीच्या आक्षेपावर दुपारी सविस्तर लिहितो. तोवर पेन्सिलवालीबाईंनी पुढचा उलगडा लिहावा. माझ्यापेक्षा सोडवणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मला आवडेल.

पेन्सिलवाली | रविवार, दुपारी १२:२०

बाई काय, ताई म्हणा.

माझ्याकडे छेदांवरून चार जोड्या जमल्या होत्या. माळ चौकटीत "रास" झाली होती, वेळ "रेल", नाव "वाल" आणि कोडे "लोटे". दुष्टपणा बघा: रास, रेल, वाल, लोटे हे सगळे चांगले मराठी शब्द! चौकट बघून कुणाला वाटेल की इथे काही गुपित आहे?

ळ माळमध्ये स झाला आणि वेळमध्ये ल झाला. म्हणजे एका अक्षराला एकच बदली अक्षर, असला साधा प्रकार नव्हता. शेजारी कोण आहे त्यावर बदल ठरत होता. शिवाय तीन अक्षरी एकही उत्तर बिघडलेलं नव्हतं. मग जोडी-जोडीने बदलणारी पद्धत आठवली: प्लेफेअर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. अक्षरांचा चौकोनी तक्ता असतो: आधी किल्लीच्या शब्दातली अक्षरं, मग उरलेली वर्णमाला. जोडीतली दोन अक्षरं तक्त्यात जिथे असतील ते एका आयताचे समोरासमोरचे कोपरे मानायचे आणि त्यांच्या जागी त्याच ओळींमधले उरलेले दोन कोपरे घ्यायचे. दोन्ही एका ओळीत असतील तर प्रत्येकाच्या उजवीकडचं, एका रकान्यात असतील तर खालचं. टोकाला पोचलात की वळसा घालून पुन्हा पहिल्यापासून.

आता माळ → रास. म्हणजे म आणि र एका ओळीत, ळ आणि स एका ओळीत, म-स एका रकान्यात, र-ळ एका रकान्यात. वेळ → रेल वरून व त्याच र च्या ओळीत, ल त्याच ळ च्या ओळीत, व-ल एका रकान्यात. कोडे → लोटे वरून क सुद्धा ल च्याच ओळीत. म्हणजे एका ओळीत स, ळ, ल, क. दुसरीत म, र, व.

म, र, व बघून मी ताडकन उठले. वर्णमालेत म य र ल व असा क्रम आहे. ल वरच्या ओळीत पळालाय, कारण तो किल्लीच्या शब्दात आहे! मग खाली "म य र व", आणि वर म च्या डोक्यावर स, र च्या डोक्यावर ळ, व च्या डोक्यावर ल. य च्या डोक्यावर एक घर रिकामं. तिथे कोण? क. वाचा: स, क, ळ, ल…

घाटावरचा | रविवार, दुपारी १२:२६

अंगावर काटा! मी "सकळ" पर्यंत आलो होतो आणि पुढे "सकळ जन" लावून बसलो.

चिकूमिल्कशेक | रविवार, दुपारी १२:३४

मी "सकळ मंगळ".

जुनी_वही | रविवार, दुपारी १:१०

सकळ लिपी. मला ते दुसऱ्या टोकाने मिळालं. करड्या घरांत र-व-ळो-व्या-स दिसले आणि खुर्चीतून उठलो. प्लेफेअर वगैरे मला आजही नीट कळलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

रवळोव्यास म्हणजे महानुभाव पंथाच्या साती ग्रंथांतल्या "सह्याद्रिवर्णना"चे कर्ते. पंथाने आपले ग्रंथ साध्या बाळबोधीत न ठेवता सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ, सुंदरी अशा अनेक लिप्या होत्या. सकळ ही त्यांतली सर्वांत जास्त वापरलेली आणि तिचं जनकत्व रवळोव्यासांकडे जातं. परिणाम असा झाला की कित्येक शतकं मराठीतलं आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसालाच वाचता येत नव्हतं. पोथी समोर, भाषा आपली, अक्षर परकं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली आणि मग दार उघडलं.

तेव्हा सरळमार्गी, कुलूप लावलेलं मराठी ही काही परदेशी खोड नाही. आपल्याकडची जुनी गोष्ट आहे.

सरळमार्गी | रविवार, दुपारी १:२२

माहिती आवडली, आभार. पण राजवाड्यांना त्या किल्लीतून लीळाचरित्राचं दार उघडता आलं. मला पाच तासांनी "ओली" मिळाली. फरक आहे.

खडूफळा | रविवार, दुपारी १:२५

पोळी → ओली! ती जोडी बघून मी आतल्या खोलीत जाऊन एकटाच हसून आलो. होळीच्या पुरणपोळीची ओली पोळी. हे मुद्दाम होतं का?

आडवाउभा | रविवार, दुपारी २:४५

शपथेवर सांगतो, योगायोग. तक्ता आधी तयार झाला. मग रोज येता-जाता लोकलमध्ये दोन अक्षरी शब्द त्यातून काढत बसायचो. शंभरातले नव्वद कचरा निघतात. नदीचं "फधी" होतं, घाटाचं "टाद". पण मधूनच एखादं अर्थपूर्ण बाहेर पडतं. खूण → "ऊत". चावी → "डाली". असे सात जमल्यावर थांबलो. आठवा शब्द मात्र मुद्दाम कुरूप ठेवला, म्हणजे कुणाला तरी कुठेतरी संशय यावा.

तक्ता असा आहे, आता लपवण्यात अर्थ नाही:

स क ळ ल प अ ख
ग घ ङ च छ ज झ
ञ ट ठ ड ढ ण त
थ द ध न फ ब भ
म य र व श ष ह

पहिल्या ओळीत किल्ली, सकळ लिपी. मग अ, आणि पुढे उरलेली वर्णमाला. इंग्रजीत २६ अक्षरं ५×५ मध्ये बसत नाहीत म्हणून आय आणि जे एकाच घरात कोंबावे लागतात. मी आपली व्यंजनं मोजली: ळ धरून ३४. स्वरांसाठी एक अ. झाली ३५. पाच ओळी, सात रकाने, एकही घर रिकामं नाही, एकालाही दुसऱ्याच्या मांडीवर बसावं लागत नाही. हे जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कोडं करण्याचं खरं कारण तेवढंच.

टोरोंटोकर | रविवार, दुपारी ३:०५

इकडे भल्या पहाटे उठून वाचतोय. अ ला मात्रा लावून सगळे स्वर करायचे, ही तर सावरकरांची अ ची बाराखडी झाली! लिपिशुद्धीत अि, अी, अु, अू. छापखान्याच्या सोयीसाठी मांडलेली कल्पना कोड्यात उपयोगी पडली. पोळीचा पो अ वर गेला आणि ओ झाला, हे त्याशिवाय शक्यच नव्हतं.

प्लेफेअरबद्दल थोडं. पद्धत शोधली चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८५४ साली. त्यांचे मित्र लायन प्लेफेअर यांनी तिचा सरकारदरबारी इतका प्रचार केला की नाव त्यांचंच चिकटलं. काम एकाचं, पाटी दुसऱ्याची. पुढे ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. ऑगस्ट १९४३ मध्ये जॉन केनेडींची पीटी-१०९ बोट सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने कापली, तेव्हा त्यांच्या शोधाचे निरोप प्लेफेअरमधून गेले. किल्ली होती "रॉयल न्यूझीलंड नेव्ही".

इंग्रजी गूढ कोड्यांत हा प्रकार मुरलेला आहे. "ऑब्झर्व्हर"मध्ये ॲझेड या टोपणनावाने जोनाथन क्राउदर १९७२ पासून कोडी रचत आले. त्यांच्या खास कोड्यांत प्लेफेअर येतं. अवांतर: त्यांच्या आधी त्याच पत्रात टॉर्केमाडा आणि झिमेनेस होते. तिन्ही नावं स्पेनच्या धार्मिक न्यायपीठाच्या मुख्यांची. ॲझेड हे डेझा उलटं लिहून झालंय. लोकांचा छळ करायचाच तर नावही तसंच घ्यावं, हा हिशेब.

सरळमार्गी | रविवार, दुपारी ३:१२

आडवाउभा यांनीही पुढच्या वेळी साजेसं नाव घ्यावं.

माहेरवाशीण | रविवार, दुपारी ४:००

तुम्ही सगळे फार मोठं बोलताय. मला तर लहानपणची च ची भाषा आठवली. पाणी म्हणजे "चाणीप", पाणी दे म्हणजे "चाणीप चेद". तिथेही हेच की हो! व्यंजन हललं, काना-मात्रा तिथेच. आजी आणि तिच्या बहिणी आमच्यासमोर असं फडाफडा बोलायच्या आणि आम्हाला वाटायचं, खाऊचा डबा कुठे ठेवलाय तेच चाललंय. बहुतेक वेळा तेच चाललेलं असायचं.

कोडं मला अर्धंच सुटलं. पण "वेड्याचं डोकं, काळाचं शेपूट: हातातून निसटते (२)" हे सूचक मी मुलीला फोन करून सांगितलं. वे आणि ळ.

चिकूमिल्कशेक | रविवार, संध्याकाळी ५:१८

माझी कर्मकथा ऐका. "बंगाली बाबूने चढवला किल्ला: १६७४ चा मोठा सोहळा इथला (४)". राय + गड, रायगड. सुटलं, आनंद झाला, पेनाने भरलं. पेनाने! त्याचं दुसरं घर करडं. त्यामुळे मला करड्या घरांत र ऐवजी य मिळाला आणि नाव आलं "यवळोव्यास". मी रात्री दीडपर्यंत यवळोव्यास शोधत होतो. वाटलं, कोणीतरी यवतमाळकडचे व्यास असतील.

कुलूप लावल्यावर रायगडचं काय होतं ते आज तक्त्यावरून पाहिलं: "वारचञ". शेवटी ञ! आयुष्यात पहिल्यांदा ञ एका घरात एकटा पाहिला.

घाटावरचा | रविवार, संध्याकाळी ५:२५

तो बिचारा पण दिवाळीला घरी आलाय, राहू द्या.

पेन्सिलवाली | रविवार, संध्याकाळी ५:४०

ते शेवटचं घर छेदाशिवाय होतं, बरोबर? कारण ञ ने सुरू होणारा शब्द आणायचा कुठून! मला मात्र इथे एक तक्रार आहे. आठांतला एकमेव कुरूप शब्द, ज्यावरून संशय यावा म्हणे, आणि त्याचंच कुरूप घर छेद नसलेलं. संशय यायला ते घर आधी दिसायला हवं ना? "वारच_" एवढंच दिसत होतं. मी तिथे "वारचा" धरून चालले होते.

आडवाउभा | रविवार, संध्याकाळी ६:३०

ताई, हे मात्र खरंच लागलं. माझ्या लक्षातच आलं नाही. मला ञ दिसत होता, कारण मला तक्ता माहीत होता. कोडं रचणाऱ्याचा हाच आजार आहे, स्वतःला दिसतं ते सगळ्यांना दिसतंय असं वाटत राहतं. ङ किंवा ञ छेदाच्या घरात येऊच शकत नाही, तेव्हा तो शब्दच बदलायला हवा होता.

आता कारकुनीबद्दल, सरळमार्गी. तुमचा मुद्दा मी झटकत नाही. गुप्तलेखनाची कोडी तिथेच मरतात जिथे कुलूप वरून चिकटवलेलं असतं. आधी शब्द शोधा, मग यंत्रासारखं रूपांतर करा, संपलं. ते मलाही कंटाळवाणं वाटतं. म्हणून किल्ली सूचकांतून दिली नाही, भांडणाऱ्या छेदांतून काढायला लावली. पेन्सिलवाली ताईंना म-य-र-व दिसलं तो क्षण कारकुनीचा नव्हता, एवढं तरी मान्य कराल?

सरळमार्गी | रविवार, संध्याकाळी ७:०२

तो क्षण मान्य. पण तो त्यांना मिळाला, मला नाही मिळाला. मी माळ, वेळ, नाव तिन्ही पेन्सिलीने खोडून सूचकंच चुकीची ठरवून मोकळा झालो होतो. एका ओळीची सूचना, "छेद भांडले तर दोन्ही खरे असू शकतात", एवढी दिली असती तर?

खडूफळा | रविवार, संध्याकाळी ७:१०

ही ओळ मला आवडली. कोडं सोपं होत नाही, पण माणूस वेडा व्हायचा वाचतो.

आडवाउभा | रविवार, संध्याकाळी ७:१४

पुढच्या वेळी हीच ओळ, याच शब्दांत, तुमच्या नावासकट.

जुनी_वही | रविवार, रात्री ८:०५

मी आधी भलत्याच गल्लीत शिरलो होतो, तेही सांगून टाकतो. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प नावाची गुप्तभाषेची कला आहे. तिच्यावरच्या जयमंगला टीकेत मूलदेवीय पद्धत येते: न च्या जागी म, म च्या जागी न, त च्या जागी प, य च्या जागी श, अशा बांधलेल्या जोड्या. "नाम"चं "मान" होतं. मला वाटलं, कर्ता जुन्या वळणाचा, हेच केलं असणार. दोन रात्री नाव, माळ, वेळ मूलदेवाच्या घाण्यात घालून पिळले. ळ ला तिथे जोडीदारच नाही, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

घाटावरचा | रविवार, रात्री ८:२०

वही काका, घरात हे काय चाललंय म्हणून विचारलं असतं तर "कामसूत्र वाचतोय" सांगितलं असतं का?

जुनी_वही | रविवार, रात्री ८:२८

टीका वाचतोय म्हणालो असतो.

टोरोंटोकर | रविवार, रात्री ८:४१

एक तांत्रिक शंका. जोडीत दोन्ही अक्षरं सारखी आली तर? काका, मामा, नाना, सगळा गोतावळाच अडेल. इंग्रजीत मध्ये एक्स घालून जोडी फोडतात. आणि जोडाक्षरं, अनुस्वार?

आडवाउभा | रविवार, रात्री ९:००

काका-मामांना कुलपात बोलावलंच नाही. सारखी व्यंजनं, जोडाक्षरं, अनुस्वार असलेले शब्द आठांतून वगळले. उरलेल्या साध्या उत्तरांत जोडाक्षरं आहेत, रवळोव्यासांचा व्या तिथूनच आला. अनुस्वाराचं काय करायचं ते मला सुचलं नाही. सिंहगड घ्यायची फार इच्छा होती, त्या टिंबामुळे राहिला.

माहेरवाशीण | रविवार, रात्री १०:१५

तक्ता वहीत उतरवून घेतला. मुलीला आणि मला आता व्हॉट्सॲपवर वापरता येईल. जावईबापूंना कळणार नाही.

चिकूमिल्कशेक | रविवार, रात्री १०:२०

काकू, जावई हा धागा वाचत नसतील याची खात्री करा आधी.

पेन्सिलवाली | सोमवार, रात्री १२:४०

अजून जागेच आहात सगळे? छोखा खाणा.

घाटावरचा | सोमवार, रात्री १२:४३

ताई, आमचं जेवण कधीच झालं. चोखा म्हणजे बिहारचा तो वांग्याचा ना? आत्ता कशाला?

खडूफळा | सोमवार, रात्री १२:४४

अहो, तक्ता काढा. तक्ता!